कण्यात नळी घातली की पाय जातात?

स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेन हे औषध कण्यात सोडणाऱ्या पंपाचं नाव निघालं की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो.’ भीती जुनी आहे, आणि बरीचशी चुकीची.

मुळात पंप पाठीत नसतोच; तो पोटाच्या कातडीखाली बसवतात. तिथून बारीक नळी कण्यात, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात जाते. प्रौढांत मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. नळी आत शिरते ती सहसा त्याच्या खालून. पुढे ती वर सरकवतात, पण त्या पाण्यातून, मज्जारज्जूत खुपसून नव्हे.

औषध थेट जागेवर पोचतं, म्हणून मात्राही अगदी थोडी. गोळ्यांतून दिवसाला ८० मिलिग्रॅमपर्यंत बॅक्लोफेन देतात. पंपातून बहुतेकांना १ मिलिग्रॅमही लागत नाही.

अफवेला खतपाणी मिळतं ते वेगळ्याच कारणाने. काही रुग्ण पायांच्या ताठरपणाच्या आधारानेच उभे राहतात. मात्रा जास्त झाली की पाय लटपटतात, आणि शेजारी म्हणतात, ‘बघा, गेले पाय!’ मात्रा कमी केली की हा अशक्तपणा सहसा ओसरतो.

जंतुसंसर्गाची शक्यता असतेच. पण खरी भीती बाळगावी ती औषध अचानक तुटण्याची: पंप भरायची तारीख चुकली, नळी सरकली किंवा पिळली, तर अंगाला खाज, ताप, पूर्वीपेक्षा जास्त ताठरपणा, कधी आकडी (फिट). जीवही जाऊ शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं आणि पंप बसवलाय हे दारातच सांगायचं.