लॉगमधल्या भलत्या ओळी आल्या कुठून?

लातूरच्या एखाद्या क्लासची वेबसाइट घ्या. फीचा तक्ता, निकालातल्या मुलांचे फोटो, पत्ता, संपलं. तरी तिचा अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंदवही, उघडला की भलतंच काही मागणारे रांगेत उभे दिसतात. साइट वर्डप्रेसवर नसताना कुणी 'डब्ल्यूपी-लॉगिन' मागतोय, कुणी 'डॉट ईएनव्ही' नावाची पासवर्ड ठेवायची फाइल, कुणी डेटाबेस सांभाळायचं साधन पीएचपीमायअ‍ॅडमिन. मालकाला वाटतं, शेजारच्या क्लासवाल्यानंच कुणाला तरी मागे लावलंय. तसं काही नसतं. या ओळींना बराच जुना इतिहास आहे.

मुळात हा लॉग चोर पकडायला तयार झालाच नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए संस्थेचा वेब सर्व्हर 1993 मध्ये आला, 1995 मध्ये त्यातूनच अपाची निघाला. तेव्हा जी नोंद ठरली तीच थोड्याफार फरकानं आजही चालते: पाहुण्याचा आयपी पत्ता, वेळ, विनंतीची पहिली ओळ, उत्तराचा कोड, किती बाइट गेले. ब्राउझरचं नाव आणि पाहुणा कुठल्या पानावरून आला हे पुढे जोडलं गेलं. किती लोक आले, काय पाहून गेले, एवढं कळलं की काम भागत होतं. म्हणूनच पोस्ट विनंतीच्या, म्हणजे फॉर्म किंवा फाइल पाठवणाऱ्या विनंतीच्या, पोटात काय होतं, ते नेहमीच्या लॉगमध्ये सापडत नाही. मोंढ्याच्या गेटवर गाडीचा नंबर लिहून घेतात, पोती कुणी सोडून बघत नाही, तसंच हे.

1996 च्या सुमारास 'पीएचएफ' गाजला. फोनबुकात नाव शोधायचा हा नमुना प्रोग्रॅम सर्व्हरबरोबरच मिळायचा. वेबपत्त्यात '%0ए', म्हणजे नवी ओळ, घुसवली की पुढचा मजकूर तो सरळ कमांड म्हणून चालवायचा आणि पासवर्डची फाइल बाहेर यायची. सगळा मजकूर वेबपत्त्यातच असल्यानं लॉगमध्ये चोरी अक्षरशः वाचता येत होती.

मग 2001. जुलैत कोड रेड हा मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस वेब सर्व्हरवर आपोआप पसरणारा वर्म आला. त्याची खूण म्हणजे 'डिफॉल्ट डॉट आयडीए' आणि पुढे 'एन' अक्षराची लांबच लांब माळ. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती महिनाभर आधीच दिली होती, तरी 19 जुलैला 14 तासांच्या आत साडेतीन लाखांहून जास्त यंत्रं बाधित झाली. सप्टेंबरात निमडा हा तसाच वर्म आला, तो विंडोजची 'सीएमडी डॉट ईएक्सई' शोधत फिरायचा. अपाचीवाल्यांना दोघांचाही धोका नव्हता, लॉग मात्र 404, म्हणजे 'सापडलं नाही', या कोडनी भरून वाहिले. समोर कोण आहे हे न बघता सरसकट दारं वाजवायची रीत तेव्हा रुळली.

2014 मध्ये बॅश या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या शेलशॉक दोषामुळे ब्राउझरच्या नावाच्या रकान्यातूनच कमांड पाठवता येऊ लागली. डिसेंबर 2021 मधलं लॉगफोरशेल त्याहून अचाट: मजकूर लॉगमध्ये लिहिला जाताक्षणीच हल्ला लागू व्हायचा. (तो दोष जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीतला, तिच्या नावातही अपाची असलं तरी अपाची वेब सर्व्हर तिच्यावर चालत नाही.)

लातूरच्या साइटची पाळी का येते, याचं उत्तर 2013 मध्ये मिळालं. झेडमॅप या साधनानं एका यंत्रावरून अख्खं आयपीव्ही4 जग (इंटरनेटचे नेहमीचे सगळे पत्ते) 45 मिनिटांत चाळता येऊ लागलं. त्यात एसएसएल प्रमाणपत्र (साइटच्या पत्त्यात https येण्यासाठी लागणारं) घेतलं की साइटचं नाव सार्वजनिक यादीत जातं, तीही बॉट वाचत बसलेले असतात. म्हणजे तुम्हाला कुणी निवडलेलं नसतं.

त्यामुळे हजार 404 खुशाल सोडून द्या. 'डॉट ईएनव्ही'पुढे एकच 200, म्हणजे 'मागितलं ते दिलं', दिसला आणि बाइटचा आकडा तुमच्या नेहमीच्या एरर पानाएवढा नसला, तर मात्र हातातलं काम ठेवा. फोटोंच्या अपलोड फोल्डरमधल्या पीएचपी फाइलला, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला, पोस्ट आणि उत्तर 200, हे त्याहून वाईट. वेळ वाचताना लॉग यूटीसीत (भारताच्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे) आहे का ते बघा. नाहीतर पहाटे साडेपाचचा प्रकार मध्यरात्रीचा समजून भलत्याच नोंदी चाळत बसाल.

आणि ओळ शिल्लक तरी हवी. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी कार्यालयांनी 180 दिवसांचे लॉग ठेवायचे असतात. डेबियन, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर अपाचीची मूळ मांडणी रोज फाइल बदलते आणि 14 ठेवते. हे काम करणाऱ्या लॉगरोटेट प्रोग्रॅमच्या फाइलमधला तो आकडा हातानंच बदलावा लागतो.