एसक्यूएलमधील हिशोबी रकाना

एसक्यूएल ही तक्त्यांत साठवलेली माहिती काढण्याची संगणकी भाषा, आणि तिच्यात विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. हिशोबी रकाना म्हणजे तक्त्यात न साठवलेला, क्वेरी चालते त्या वेळी इतर रकान्यांवरून काढलेला आकडा. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की निव्वळ वजन मिळते. हे निव्वळ वजन हिशोबी रकाना झाले. एवढ्यावर कोणी अडत नाही. याच काढलेल्या आकड्यावर पुढचा हिशोब करायचा असतो तेव्हा, म्हणजे निव्वळ वजनाला भावाने गुणायचे आणि त्या रकमेतून हमाली वजा करायची असते तेव्हा, नवख्या माणसाची क्वेरी अडते. ती अडली तर बरे, कारण चूक निदान दिसते. न अडता चुकीचा आकडा दिला तर शेतकऱ्याचे पैसे जातात.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक विदेची, म्हणजे एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत माहिती ठेवण्याची, कल्पना मांडली. तिच्या आधारे आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये सीक्वेल ही भाषा पुढे आणली. तीच पुढे एसक्यूएल झाली आणि १९८६ मध्ये तिचे पहिले अमेरिकी प्रमाणक ठरले. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार ही चारही चिन्हे तिच्यात शाळेतल्यासारखीच चालतात. रकान्यांचे गणित मात्र कागदी पट्टीसारखे चालत नाही.

विदर्भात हा फरक कापसाच्या हंगामात लख्ख दिसतो. वणी, हिंगणघाट, पांढरकवडा, अकोट या पट्ट्यातला मुनीम हिशोबपट्टी डावीकडून उजवीकडे भरत जातो. भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ, भाव, रक्कम, कपात, देणे. प्रत्येक घर भरताना तो मागच्या घरात आत्ताच लिहिलेला आकडा उचलतो. एसक्यूएलमध्ये एकाच सिलेक्टमधले, म्हणजे क्वेरीत हवे म्हणून सांगितलेले, सगळे रकाने एकदमच काढले जातात असे मानले आहे. त्यामुळे ‘भरलेले - रिकामे’ याला ‘निव्वळ’ असे टोपणनाव दिले आणि शेजारीच ‘निव्वळ * भाव’ लिहिले, तर पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर ही एसक्यूएल चालवणारी साधने ‘निव्वळ नावाचा रकानाच नाही’ असे सांगून थांबतात. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस आणि स्नोफ्लेक यांना मात्र असे लिहिलेले चालते. ॲक्सेसवर हात बसलेला माणूस पोस्टग्रेसवर आला की पहिल्या दिवशी हमखास इथेच अडखळतो.

ओळी गाळणाऱ्या व्हेअरमध्येही हीच अडचण येते. क्वेरी लिहिताना सिलेक्ट आधी येते, पण तर्काच्या क्रमात आधी फ्रॉम (तक्ता निवडणे), मग व्हेअर, ग्रुप बाय (गट करणे), हॅविंग (गट गाळणे), त्यानंतर सिलेक्ट आणि शेवटी ऑर्डर बाय (ओळी क्रमाने लावणे). जिनिंगच्या फाटकावर गाड्या अडवणाऱ्या माणसाला पट्टीवरची रक्कम विचारण्यासारखे हे आहे. गाडी अजून काट्यावरच गेलेली नाही, तर तो सांगेल कुठून? ऑर्डर बायला टोपणनाव चालते ते याच कारणाने, कारण तोवर पट्टी फाडून झालेली असते.

यावर एक उपाय म्हणजे तोच हिशोब दरवेळी पुन्हा लिहिणे. तो चालतो, पण मला पटत नाही. सूत्र चार ठिकाणी लिहिले आणि हंगामात नियम बदलला की तीन ठिकाणी दुरुस्ती होते, चौथे राहून जाते. पायऱ्या वेगळ्या करणे बरे. आतल्या क्वेरीत काढलेल्या आकड्यांना नावे द्यायची आणि बाहेरच्या क्वेरीत ती नावे साध्या रकान्यांसारखी वापरायची. १९९९ च्या प्रमाणकात आलेल्या विथमुळे अशी क्वेरी वरून खाली वाचता येते. (मूळ शब्द संगणकात रोमन लिपीत टंकायचे असतात, इथे ते उच्चाराप्रमाणे दिले आहेत.)

विथ मोजणी ॲज (
सिलेक्ट पट्टी_क्र,
(भरलेले - रिकामे) / १००.० ॲज क्विंटल,
हमीभाव * (१ - (ओलावा - ८) / १००.०) ॲज भाव
फ्रॉम काटा
)
सिलेक्ट पट्टी_क्र, क्विंटल, भाव,
राउंड(क्विंटल * भाव, २) ॲज रक्कम
फ्रॉम मोजणी
व्हेअर क्विंटल > १०;

भावाचे सूत्र सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीतले आहे. ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्क्याने उतरतो, आणि १२ टक्क्यांवरचा कापूस घेतला जात नाही. काढलेल्या आकड्याला नाव देऊन पुढे वापरण्याचे विथचे काम एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्रॉस अप्लायही करते, तर पोस्टग्रेसमध्ये ९.३ आवृत्तीपासून लॅटरल.

आता वरच्या क्वेरीतला ‘१००.०’ पाहा. त्यातले टिंब आणि पुढचे शून्य कोणाला फालतू वाटेल, पण सगळा हिशोब त्यावर उभा आहे. पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तरही पूर्णांकच देतात आणि अपूर्णांक टाकून देतात. मायएसक्यूएल आणि ओरॅकल तसे करत नाहीत. समजा, टेम्पोचे भरलेले वजन ३,२६५ किलो आणि रिकामे १,७९० किलो. निव्वळ १,४७५ किलो, म्हणजे १४.७५ क्विंटल. ओलावा १० टक्के. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. दोन टक्के कपात जाऊन भाव ७,३७०.५८ रुपये, आणि रक्कम १,०८,७१६.०६ रुपये.

टिंब न देता नुसते १०० लिहिले तर १४७५ / १०० चे १४ होतात. पाऊण क्विंटल कापूस हवेत विरतो. शेतकरी पट्टी हातात घेऊन विचारतो, “माहे पंचाहत्तर किलो कुठी गेले?” आणि त्याचा प्रश्न बरोबर असतो. पण त्याच क्वेरीत दुसरीकडे (१० - ८) / १०० चे शून्य झालेले असते, म्हणजे ओलाव्याची कपातच झालेली नाही. १४ गुणिले ७,५२१ म्हणजे १,०५,२९४ रुपये. वजनाची चूक शेतकऱ्याच्या अंगावर, कपातीची चूक खरेदीदाराच्या अंगावर. दोन्ही एकमेकींना अर्ध्या झाकतात आणि फरक ३,४२२ रुपये ६ पैशांचा दिसतो. हा आकडा घेऊन मूळ चूक शोधू गेले तर सापडत नाही, कारण तो कोणत्याच एका चुकीचा नाही. म्हणूनच क्विंटल आणि भाव हे रकाने शेवटच्या रकमेबरोबर डोळ्यांसमोर छापलेले हवेत.

एसक्यूलाइटमध्ये हीच चूक आणखी लपून बसते. एका फाइलीत मावणारे, सर्व्हर न लागणारे हे साधन लहान खरेदी केंद्राला सोयीचे असते. पण त्यात रकान्याचा प्रकार डेसिमल लिहिला तरी १४७५.०० हा आकडा आत पूर्णांक म्हणूनच साठतो. मग नुसत्या १०० ने भागल्यावर १४७५ किलोचे १४ क्विंटल होतात, तर शेजारच्या ओळीतल्या १४७५.५ किलोचे बरोबर १४.७५५. एकाच रकान्यात काही ओळी खऱ्या आणि काही खोट्या. नमुन्याला दोन पट्ट्या तपासल्या आणि दोन्ही अर्ध्या किलोच्या निघाल्या, तर सगळे ठीक आहे असेच वाटते.

दुसरी खोड रिकाम्या घराची. एसक्यूएलमध्ये नल म्हणजे शून्य नव्हे, ‘माहीत नाही’. माहीत नसलेल्या आकड्याशी केलेली बेरीज-वजाबाकीही माहीत नसलेलीच. शेतकऱ्याने घरच्या माणसांकडून गाडी रिकामी करून घेतली आणि हमालीचे घर कोरे राहिले, तर ‘रक्कम - हमाली’ हे देणे पूर्ण कोरे येते. इथे कोअलेस(हमाली, ०), म्हणजे हमाली नल असेल तर ० धरणे, योग्य, कारण हमाली खरोखरच लागलेली नाही. पण हाच उपाय ओलाव्याला लावला तर घात होतो. ओलावा ० धरला की वरचे सूत्र कपात करण्याऐवजी भाव ८ टक्क्यांनी चढवते. शून्य ओलाव्याचा कापूस कोणत्या पऱ्हाटीवर येतो? अशी ओळ कोरीच राहू द्यावी आणि पुन्हा मापाला पाठवावी. भागाकारात खालचा आकडा शून्य असला तर पोस्टग्रेस क्वेरीच थांबवते, मायएसक्यूएलच्या सिलेक्टमध्ये आणि एसक्यूलाइटमध्ये नल येते. खालच्या आकड्याच्या जागी नलिफ(क्विंटल, ०), म्हणजे क्विंटल शून्य असेल तर नल, असे लिहिले की सगळीकडे एकसारखे नल मिळते.

बेरजांच्या क्वेरीत नलचे वागणे पुन्हा बदलते. रकान्याची बेरीज करणारे सम हे नल असलेली घरे सोडून बाकीची बेरीज करते. त्यामुळे हमाली कोरी असलेल्या ओळी असतील तर सम(रक्कम) - सम(हमाली) आणि सम(रक्कम - हमाली) यांची उत्तरे जुळत नाहीत. दुसऱ्या सूत्रात त्या ओळींची रक्कमही गळून पडते.

सरासरी भावात तर जाणते लोकही चुकतात. एकाने २ क्विंटल ७,००० ने विकला, दुसऱ्याने १८ क्विंटल ७,५०० ने. भावाच्या रकान्यावर सरळ ॲव्हरेज लावले तर ७,२५० येतात. खरा भाव सम(क्विंटल * भाव) / सम(क्विंटल), म्हणजे १,४९,००० भागिले २० बरोबर ७,४५० रुपये. पैशांच्या पूर्णांकनालाही असाच नेम लागतो. प्रत्येक पट्टी रुपयात गोळा करून केलेली बेरीज आणि बेरीज करून मग गोळा केलेला रुपया वेगळे येऊ शकतात. शेतकऱ्याच्या खात्यात पट्टीनिहाय पैसे जातात, म्हणून राउंड पट्टीवर लावायचा आणि बेरीज त्याच गोळा आकड्यांची करायची.

वारंवार लागणारा हिशोब तक्त्यातच बांधून ठेवता येतो. ओरॅकलमध्ये ११जी पासून, मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून, पोस्टग्रेसमध्ये २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून आणि एसक्यूलाइटमध्ये २०२० च्या ३.३१ पासून अशा रकान्यांची सोय आहे. सूत्र एकदाच लिहिले जाते आणि कोणत्याही क्वेरीत, व्हेअरमध्येसुद्धा, त्याचे नाव चालते. मात्र सूत्राला आपल्याच ओळीतले आकडे लागतात. हमीभाव दुसऱ्या तक्त्यात ठेवला असेल तर तो इथे पोचत नाही, त्यामुळे विक्रीच्या दिवशीचा भाव पट्टीच्या ओळीतच लिहिलेला बरा. अशा एका बांधीव रकान्यावर दुसरा बांधीव रकाना उभारता येतो का, याचे उत्तरही घरोघरी वेगळे. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर नाही म्हणतात. मायएसक्यूएल होकार देते, पण आधाराचा रकाना तक्त्याच्या रचनेत आधी लिहिलेला असला पाहिजे, मुनिमाच्या पट्टीत निव्वळ हे रकमेच्या आधी असते तसा.