ब्राम्सचं क्लॅरिनेट क्विंटेट आणि मायनिंगेनचा म्यूलफेल्ड

1890 साली जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्सने जी मेजरमधलं तंतुवाद्यांचं क्विंटेट (पाच वादकांसाठीची रचना; ओपस, म्हणजे रचनाक्रमांक, 111) हातावेगळं केलं आणि आता रचना करणं बास, असं प्रकाशक सिमरॉकला कळवून टाकलं. वय अवघं 57. पुढच्या मे महिन्यात बाड इश्लला त्याने मृत्युपत्रही लिहून ठेवलं. आणि त्याच गावी, त्याच उन्हाळ्यात क्लॅरिनेटसाठी दोन रचना लिहिल्या: तीन वाद्यांचा ट्रिओ (ओपस 114) आणि क्लॅरिनेट व चार तंतुवाद्यांचं बी मायनरमधलं क्विंटेट (ओपस 115).

याचं मूळ मायनिंगेनमध्ये. जर्मनीतलं हे छोटंसं संस्थान, पण ड्यूकचा ऑर्केस्ट्रा असा तयारीचा की ब्राम्सची चौथी सिंफनी 1885 मध्ये प्रथम तिथेच वाजली. मार्च 1891 मध्ये तिथे त्याने रिखार्ड म्यूलफेल्डला मन लावून ऐकलं. म्यूलफेल्ड या ऑर्केस्ट्रात लागला तो व्हायोलिनवादक म्हणून. क्लॅरिनेट तो आपलं आपण शिकला. याच्याइतकं सुंदर क्लॅरिनेट कोणी वाजवत नाही, असं ब्राम्सने आपली पियानोवादक मैत्रीण क्लारा शूमानला कळवलं. पुढे तो त्याला गमतीने ‘कुमारी क्लॅरिनेट’ म्हणायचा.

वादकामुळे रचना जन्माला येणं या वाद्याला नवीन नव्हतं. मोझार्टचं 1789चं क्विंटेट अँटोन श्टाडलरसाठी, वेबरचं (1815 मध्ये पुरं झालेलं) हाइनरिख बेअरमानसाठी. वेबरचं खरं तर क्विंटेटच्या वेषातला कॉन्चेर्टोच आहे. क्लॅरिनेट मिरवतं, बाकीचे चौघे साथीला. ब्राम्सने मोझार्टची वाट धरली, ए सुरातल्या क्लॅरिनेटसकट. आरंभी दोन व्हायोलिनंच बोलतात. क्लॅरिनेट पाचव्या बारमध्ये (तालाच्या पाचव्या आवर्तनात) खालून चढत येतं आणि लगेच चौघांत मिसळून जातं. आडाजिओमध्ये, म्हणजे संथ भागात, मात्र त्याला मोकळं रान आहे: तारांवर म्यूट (आवाज दबवणारी चिमटी), आणि मधल्या भागात थरथरत्या साथीवर हंगेरियन जिप्सी धाटणीच्या ताना. म्यूलफेल्ड हाताशी नसता तर ब्राम्सने हे लिहिलं असतं, असं मला वाटत नाही.

नोव्हेंबरात मायनिंगेनला खासगीत वाजवून झाल्यावर 12 डिसेंबर 1891 रोजी बर्लिनमध्ये योआखिम क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या चमूबरोबर हे क्विंटेट जाहीरपणे सादर झालं. ट्रिओही त्याच मैफलीत, पियानोवर स्वतः ब्राम्स.

सिमरॉकने छापताना क्लॅरिनेटऐवजी व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुराचं तंतुवाद्य) चालेल अशी सोय ठेवली. धंद्याच्या दृष्टीने ठीकच, कारण म्यूलफेल्ड गावोगावी कुठून मिळणार? पण क्वार्टेटमध्ये एक व्हायोला आधीच असते. दुसरी आली की त्या ताना तारांच्या गर्दीत हरवतात.