‘अप्रेंटिस घेतला की कायम करावा लागतो’: खरं काय?

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईच्या रबाळे-महापेपर्यंत कुठल्याही कारखान्याच्या शेडमध्ये विचारा, फिटर-वेल्डर मिळत नाही ही तक्रार ठरलेली. मग आयटीआयचा पोरगा अप्रेंटिस म्हणून का घेत नाही? उत्तरही ठरलेलं: ‘एकदा घेतला की गळ्यात पडतो. आणि ते मोठ्या कंपन्यांचं काम.’

दोन्ही चूक. अप्रेंटिस कायदा १९६१चा. त्याच्या कलम २२ नुसार प्रशिक्षण संपलेल्याला नोकरीत घेण्याबाबतचं धोरण मालकानेच ठरवायचं; करारातच तशी अट घातली असेल तर गोष्ट वेगळी. कलम १८ तर अप्रेंटिसला कामगार मानतच नाही, तो प्रशिक्षणार्थी. सुरक्षेच्या तरतुदी मात्र त्यालाही लागू, तिथे सूट शोधू नका.

आकाराचं म्हणाल तर कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे. ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. कमाल मर्यादा एकूण मनुष्यबळाच्या १५ टक्के, म्हणजे दहा जणांच्या शेडला एखादाच. केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचे २५ टक्के, महिना कमाल १,५०० रुपये, थेट मुलाच्या खात्यात जमा होतात. बाकीचे मालकाने द्यायचे. सरकारी मदतीसाठी करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवावा लागतो. तोंडी ठेवलेला ‘शिकाऊ’ कायद्याने अप्रेंटिस नव्हेच, आणि गोत्यात येतात ते बहुधा असेच मालक.

पोराला वर्षभर झाडू मारायला आणि चहा आणायला लावलंत, तर तो मुदत संपताच जाणार. मशीनवर उभा केलात, तर कायम करायचा की नाही हे तुम्हीच ठरवाल.