फ्रीजची पाठ

ऐन नवतप्यात मावसभावाचा फोन आला. हिंगणघाट रस्त्यावर त्याची खानावळ आहे, दिवसाला साठ-सत्तर ताटं जातात. "दादा, डीप फ्रीजर दिवसभर चालूच रायते, पण मटण कडक होत नाही. मेकॅनिक म्हणते गॅस सरला."

'गॅस सरला' हे शब्द ऐकले की मला शंका येते. फ्रीजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं.

जाऊन पाहिलं. फ्रीजर भिंतीला चिकटून, भट्टीपासून चार हातांवर. मागच्या बाजूची जाळी दिसतच नव्हती. फोडणीचं तेल तिच्यावर बसलेलं, आणि जवळच्या जिनिंगमधून उडणारी कापसाची तूस त्या तेलाला चिकटलेली. बोटाने ओढली तर गोधडीच्या चिंधीसारखी पट्टी हातात आली. मशीनने मे महिन्यात गोधडी पांघरली होती.

आता हे समजायला माठाकडे बघावं. माठाच्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी वाफ होताना माठातली उष्णता घेऊन जातं. फ्रीजही तेच करतो. आतल्या नळीत कमी दाबाखाली गॅसचा द्रव उकळतो आणि मटणातली उष्णता शोषतो. फरक एवढाच की माठाची वाफ हवेत जाते, तर फ्रीजला ती परत हवी असते. म्हणून कॉम्प्रेसर ती दाबतो, दाबल्याने ती तापते, मागच्या जाळीत उष्णता टाकून पुन्हा द्रव होते. ही टाकाटाकी तेव्हाच होते, जेव्हा जाळी भोवतालच्या हवेपेक्षा गरम असते. बाहेर ४५ अंश असतील तर जाळीला ५५-६० वर जावंच लागतं, भट्टीशेजारी त्याहून वर.

हा चढ आकड्यात बघा. आतली नळी उणे २५ वर आणि जाळी ४५ वर असेल तर उष्णता ७० अंश वर चढवायची आहे. जाळी ६५ वर गेली की ९० अंश. नुसत्या कागदावरच्या आदर्श यंत्राचंही तेवढ्याच विजेत होणारं काम इथे पाचव्या हिश्शाहून जास्त घटतं, खऱ्या मशीनचं आणखी. गंमत अशी की वैदर्भी कोरड्या मे महिन्यात माठ सगळ्यात छान चालतो आणि फ्रीज सगळ्यात वाईट. जुलैत माठ रुसतो, तेव्हा फ्रीजला हायसं वाटतं.

भावाने बटण शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलं होतं. सगळेच ठेवतात. त्याने कॉम्प्रेसरला जोर येत नाही, तो थांबायचा कधी एवढंच ते बटण ठरवतं.

म्हणून नवं मशीन घेताना दुकानात दार उघडून कप्पे मोजण्याआधी पाठीमागची पाटी वाचावी. घरगुती फ्रीजवर हवामानाचा वर्ग असतो: 'एन' म्हणजे ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८, 'टी' म्हणजे ४३. आपल्याकडे चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४३ ओलांडतो, तोही सावलीतला, भट्टीजवळचा नव्हे. घरगुती फ्रीज खानावळीत टिकत नाही त्याचं एक कारण हेच. दुसरं म्हणजे कित्येक फ्रीजमध्ये जाळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड लपवलेली असते. म्हणून तर कडा गरम लागतात. अशा फ्रीजला पोत्यांच्या थप्पीत कोंबलं की संपलं. धंद्याच्या मशीनला जाळीवर पंखा असतो, तो घ्यावा. काचेच्या दाराचा कूलर बाटल्या गार ठेवायला असतो, त्यात वरणाचं पातेलं सारू नये. लाईन वारंवार जात असेल तर वरून झाकण उघडणारा पेटीसारखा फ्रीजर बरा. थंड हवा जड असते, झाकण उघडलं तरी आतच बसून राहते. उभ्या दारातून ती पायावर सांडते.

गरम वरण थेट आत ठेवणं हा मात्र भट्टीइतकाच मोठा छळ. दहा लिटर वरण ८० अंशांवरून ५ वर आणायचं तर साधारण ३१०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तेवढ्यात नऊ किलो बर्फ वितळेल. आधी ३५ पर्यंत बाहेरच उतरवलं तर साठ टक्के काम फुकटात झालं. पण छतावरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात हात पोळतं, ते कामाचं नाही. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी परातीत घ्यावं, वरण पसरट भांड्यांत वाटून त्यात ठेवावं आणि ढवळत राहावं. बाहेर तासन्‌तास विसरू मात्र नये. ५ ते ६० अंशांत जंतू फोफावतात, अनुकूल ऊब मिळाली तर काही वीस मिनिटांत दुप्पट होतात. शिळ्या भाताचं तर विचारू नका. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि त्याने भातात सोडलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

विजेचं दुखणं वेगळं. २३० ऐवजी १७० व्होल्ट आले तर मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे जेमतेम ५५ टक्के उरतो. कॉम्प्रेसर नुसता घूं घूं करतो, सुरू होत नाही, गुंडाळी तापते. लाईन येत-जात असेल तर आणखी वाईट, कारण नळ्यांतला दाब समान व्हायला तीन-चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ थांबवणारा स्टॅबिलायझर घ्यावा. फ्रीजरमध्ये जागा असेल तिथे मिठाच्या पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात. त्यांचा बर्फ शून्याच्या खालीच वितळतो, लाईन गेली की तोच मटण सांभाळतो.

नव्या मशीनमध्ये बरेचदा प्रोपेन किंवा आयसोब्युटेन असतो, आपल्या सिलिंडरच्याच घरातला, पेट घेणारा. त्याच्या नळीवर झाळणी करायची तर आधी पाटी वाचणारा मेकॅनिक हवा.

आम्ही फ्रीजर सरकवला, उत्तरेच्या पडवीत, भिंतीपासून वीतभर लांब. प्लग काढून कडक ब्रशने जाळी उभी-उभी झाडली. वाटीभर तूस निघाली. दाराच्या रबरात कागद धरून ओढला, एका कोपऱ्यात तो अलगद सुटला, तिथलं रबर बदललं. मेकॅनिकला बोलावलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मटण दगड झालं होतं. ब्रश आता पडवीतल्या खिळ्याला टांगलेला असतो, कापसाच्या हंगामात दर सोमवारी उतरतो. भाऊ म्हणतो, "म्हशीले खरारा करतो ना, तसंच."