हॉट हॅच

हॉट हॅच : वर उचलले जाणारे मागचे दार असलेल्या छोट्या कौटुंबिक मोटारीचे जोरदार रूप. सांगाडा नेहमीच्या गाडीचाच; एंजिन अधिक शक्तीचे, सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणारी रचना) कडक व ब्रेक मोठे. ही संज्ञा १९८० च्या दशकात ब्रिटिश मोटार-नियतकालिकांतून रूढ झाली असावी. गाड्या तिच्याहून जुन्या आहेत.

आद्य हॉट हॅच कोणती, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक मिनी कूपरला (१९६१) हा मान देतात. मिनीने १९६४, १९६५ व १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली, हे खरे. परंतु तिला मागचे दारच नव्हते, होते ते खाली उघडणारे डिक्कीचे झाकण. व्याख्या काटेकोर धरल्यास १९७४ च्या सुमाराची फ्रेंच सिमका ११०० टीआय पुढे येते. रेनो ५ अल्पाइन व फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय या दोन्ही १९७६ मधल्या. गोल्फचे एंजिन १,५८८ घ.सेंमी., शक्ती ११० अश्वशक्ती, वजन ८०० किग्रॅ.हून थोडेच अधिक. ५,००० गाड्यांचा बेत होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक निघाल्या. कालक्रमाने मान सिमकाला गेला, तरी या प्रकाराला घडण दिली ती गोल्फने, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गिअरच्या दांड्यावरची गोल्फ खेळातल्या चेंडूसारखी मूठ तिची ओळख ठरली.

बहुतेकींत एंजिन आडवे व ओढ पुढच्या चाकांवर असते. गिअरबॉक्स एका अंगाला असल्याने चाकांकडे शक्ती नेणारे दोन दांडे लांबीला असमान राहू शकतात. मग ॲक्सिलरेटर जोरात दाबताच स्टिअरिंग एका बाजूला ओढ घेते. शौकिनांना ही ओढही प्रिय असते.

भारतात २००६ पासून २०१७ पर्यंत चार मीटरांच्या आतील व १,२०० घ.सेंमी.पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय (२०१३; १,१९७ घ.सेंमी., १०५ अश्वशक्ती) या मापात बसली, फियाटची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो (२०१५) मात्र १,३६८ घ.सेंमी.ची असल्याने बाहेर राहिली.

मराठवाड्यात, जिथे घरात गाडी बहुधा एकच, तिथे या प्रकाराचे आकर्षण चटकन उमगते. सकाळी डिक्कीत बियाण्याच्या पिशव्या, संध्याकाळी कन्नडचा औट्रम घाट. दुसऱ्या गिअरमध्ये वळण सुटताच टर्बो (एंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) भरतो आणि हलकी गाडी चढ विसरते. हे सुख मोठ्या, जड गाडीत नाही. अडचण रस्त्याची : काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचे डांबर लाटांसारखे होते. कडक सस्पेन्शन व पातळ कडांचे टायर तिथे मार खातात, म्हणून जाणकार चाके फार मोठी करत नाहीत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडाच्या गाड्या तयार होतात. २००४ ची टर्बो ऑक्टाव्हिया आरएस तिथलीच. मागचे दार वर उचलले जाणारे, पण आकार मोठा, त्यामुळे ती या नोंदीच्या सीमेवरच राहते.