२२१(जी)ची चिठ्ठी म्हणजे व्हिसा गेला, असं नाही

जोडीदाराच्या अमेरिकी इमिग्रंट व्हिसासाठी मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत झाली आणि हातात २२१(जी)ची चिठ्ठी (कागद किंवा तपासणी बाकी असल्याने व्हिसा तूर्त रोखल्याची सूचना) पडली, की ‘संपलं, आता सगळं पहिल्यापासून’ असं नातेवाइकांपासून एजंटापर्यंत सगळे सांगतात. हे चूक आहे. ऑनलाइन स्टेटसही ‘रिफ्यूज्ड’ दाखवतो, म्हणून घबराट वाढते. कायद्याच्या भाषेत तो नकारच; पण मागितलेली पूर्तता केली की त्याच अर्जावर व्हिसा मिळू शकतो.

चिठ्ठीवर खूण कशावर आहे ते आधी वाचा. घोळ बऱ्याचदा आय-८६४ चा, म्हणजे अमेरिकेतल्या जोडीदाराने भरायच्या आर्थिक हमीपत्राचा असतो: सही राहिलेली, टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट (अमेरिकी कर खात्याचा विवरणपत्राचा उतारा) नाही, किंवा उत्पन्न अमेरिकी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांहून कमी. उत्पन्न कमी असेल तर जॉइंट स्पॉन्सर (सोबतचा दुसरा हमीदार) चालतो. मात्र तो अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक हवा आणि त्याचा स्वतंत्र आय-८६४ लागतो. पुण्यातल्या श्रीमंत काकांची हमी इथे कामाची नाही.

मागितलं तेवढंच, चिठ्ठीत सांगितलेल्या मार्गानेच द्या. लग्नाचा आख्खा अल्बम कोंबू नका. कागद मागितलेच नसतील आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग’ (कॉन्सुलेटची जादा तपासणी) लिहिलं असेल, तर थांबण्यावाचून गत्यंतर नाही. कागदांसाठी मुदत १ वर्ष. ती हुकली तर मात्र अर्ज आणि फी दोन्ही नव्याने. मध्येच मेडिकलची मुदत संपली, तर तपासणी पुन्हा करावी लागते.